टोपली खाली गेली तेव्हा

पोरांनो, क्षणभर अशी कल्पना करा. तुम्ही कैरोत राहता. शाळा सुटली आहे. खाली गल्लीत गाड्यांचे भोंगे भांडताहेत आणि तुम्ही एका जुन्या इमारतीचा जिना चढताय. घराघरांतून मुलुखियाच्या पालेभाजीचा वास येतोय. उकळत्या भाजीत लसणाची फोडणी ओतताना तिथल्या बायका जोरात श्वास आत ओढतात, नाहीतर भाजीला चव येत नाही म्हणतात. तुम्ही आईला हाक मारत चौथा मजला गाठता. दार सताड उघडं. आणि आत तुमच्या आईला कुणीतरी ‘चोर’ म्हणतंय.

नव्वाराचं अगदी असंच झालं.

तिची आई सबरीया चौथ्या मजल्यावरच्या त्या पाहुणेघरात रांधणं, धुणं, इस्त्री, सगळं करायची. मालकीण इन्शिराहबाई कमरेवर हात ठेवून गरजत होत्या, “तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजाची बांग होईपर्यंत पाहुणीची अंगठी दे. नाहीतर पोलिसांच्या हवाली करते! आणि सामान उचल आजच!”

सामान उचल म्हणजे गच्चीवरची मायलेकींची खोली सोड. नव्वारा रडली नाही. तशीच खाली पळाली आणि दुसऱ्या मजल्यावरचं दार बडवू लागली.

तिथे अब्ला हिकमत राहायच्या. शाळेतल्या बाईंना तिकडे अब्ला म्हणतात. शाळा सोडल्यापासून त्या हरवलेलं सोनं आणि पळालेले नवरे शोधून द्यायच्या. सोबत त्यांचा भाऊ फिक्री. ट्राम चालवून निवृत्त झालेला, मनाने भला, डोक्याने सावकाश. तो नुकताच ताटावर बसला होता.

“अब्ला, माझ्या आईला चोर म्हणतात!”

“म्हणतात, की आहे?”

“म्हणतात!”

“मग चल. फिक्री, ऊठ.”

“अगं, जेवण...”

“जेवण पळून जात नाही. चोर जातो.”

जिन्याच्या कठड्यावरून वाकून अब्लांनी खाली हाक दिली, “बखीत! दुपारी इमारतीबाहेर कोण गेलं?”

दरवान बखीतकाकांचा खर्जातला आवाज वर आला. “कुणी नाही, अब्ला! चौथ्या मजल्यावरून टोपली तेवढी आली दोराने. शरीफसाहेबांचा सदरा, इस्त्रीवाल्याला. इतका कडक, की इस्त्रीवाला म्हणाला, याला इस्त्री करू की याच्यावरच इस्त्री करू? टाकलान बाजूला आणि गेला जेवायला. आणि एक ऐका! सबरीया चोर असेल ना, तर मी फारोचा नातू!”

वर बैठकीत मार्टा नावाची परदेशी पाहुणी उभी होती. एकटीच देश बघायला आलेली. उन्हाने नाक सोललेलं, केसांत अजून वाळू. सकाळी गिझ्याला उंटवाल्याने तिला फुकट वर बसवलं होतं आणि खाली उतरवायचे पैसे मागितले होते. पिरॅमिडच्या बोळात वाकून वाकून पाठ धरली होती. आणि परत येऊन बघते तो ही चोरी.

तिला फिरवून आणणारा वाटाड्या म्हणजे इन्शिराहबाईंचा भाचा शरीफ. तोच पुढे झाला.

“अब्ला, सरळ प्रकरण आहे. यांची बोटं उन्हाने सुजली, म्हणून आजीची अंगठी काढून खोलीत ठेवली आणि आंघोळीला गेल्या. मावशी झोपली होती. मी इथे पेपर वाचत होतो, जागचा हललो नाही. तेवढ्यात सबरीया यांच्या खोलीतून बाहेर आली. मला बघून किंचाळली! ती किंचाळी यांनीही आतून ऐकली.”

“सबरीया, किंचाळलीस?”

“नाही, अब्ला. मी स्वयंपाकघराबाहेर पाऊलही टाकलं नाही.”

“खोटारडी!” इन्शिराहबाई ओरडल्या. “दोघांनी ऐकलंय! भिंतींनी पण ऐकलं असेल!”

आई खाली बघत होती. नव्वाराला कळेना. दोघांनी ऐकलं, तर मग आई नाही का म्हणते?

अब्ला मार्टाकडे वळून इंग्रजीत बोलू लागल्या. शरीफ घाईने मध्ये पडला. “तुम्ही कशाला त्रास घेता? मी विचारतो ना!”

“बाळ, जन्मभर इंग्रजीच शिकवलं मी. तुझ्या मावशीलासुद्धा. ती नापास झाली, ती गोष्ट वेगळी.”

मार्टा आधीच पेटलेली होती. “किती वेळा सांगू? या शहरात जो तो माझ्या खिशाकडे बघतो!”

“रागवा, तुमचा हक्क आहे,” अब्ला म्हणाल्या. “फक्त तो आवाज कसा होता ते करून दाखवा.”

मार्टाने चिडून, जोरात श्वास आत ओढला. “हाऽऽ!”

फिक्रीचा हात पोटावर गेला. “का कोण जाणे, मला एकदम भूक लागली.”

“तुझं पोट तुझ्या डोक्यापेक्षा हुशार आहे,” अब्ला म्हणाल्या. “बाई, आवाज कुठून आला?”

“न्हाणीघराच्या खिडकीतून. आणि बरोबर लसणाचा असा भपकारा, की डोळ्यांत पाणी आलं.”

अब्ला न्हाणीघरात डोकावल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण उचललं. हिरवीगार मुलुखिया अजून वाफाळत होती. बाहेर येऊन त्यांनी फिक्रीच्या कानात काही सांगितलं. तो कुरकुरत जिना उतरला.

“आता ऐका. किंचाळी बाहेर पडते. हा श्वास आत गेला. आपल्या शहरात लसणाच्या भपकाऱ्याबरोबर बाई असा श्वास कधी घेते, इन्शिराह?”

इन्शिराहबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “फोडणी... मुलुखियाची.”

“न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, दोन्हींच्या खिडक्या एकाच चौकात उघडतात. सबरीया रोज हे करते, म्हणून तिच्या लक्षातही नाही. किंचाळलीस का विचारलं, ती नाही म्हणाली. खरंच बोलली. तो आवाज आला तेव्हा ती चुलीपाशी होती. मग शरीफने तिला खोलीच्या दारात पाहिलं कसं?”

“मला... तसा भास झाला असेल,” शरीफ म्हणाला.

“पाहुणीने आवाजाचं सांगितलं आणि तू त्यावर गोष्ट रचलीस. श्वास म्हणाला असतास तर ही नव्वारासुद्धा मुलुखिया म्हणाली असती, म्हणून तू त्याची किंचाळी केलीस. बरं, तुझा टोपलीतला सदरा. सबरीया, त्याला इस्त्री कधी केली होतीस?”

“आज सकाळीच, अब्ला.”

“सकाळी कडक केलेला सदरा दुपारी पुन्हा इस्त्रीला? आणि टोपली सोडली कुणी? मावशी झोपलेली, सबरीया चुलीपाशी, पाहुणी न्हाणीत. राहिला तो, जो जागचा हलला नव्हता.”

“एका सदऱ्यावरून मला चोर ठरवता? या मोलकरणीसाठी?” शरीफचा आवाज चिरकला.

फिक्री धापा टाकत आला. खांद्यावर सदरा. “इस्त्रीवाला आत्ता कुठे दुकान उघडत होता. हात लावला नव्हता याला.”

अब्लांनी खिशाची गुंडी काढली. निळ्या खड्याची अंगठी फरशीवर टणकन पडली आणि घरंगळत मार्टाच्या पायाशी गेली.

त्याच वेळी अस्रची बांग सुरू झाली. मार्टाने वाकून अंगठी उचलली.

“बरं, बरं,” इन्शिराहबाई घसा खाकरत म्हणाल्या. “शरीफला मी बघते. घरातली गोष्ट घरात राहू दे. सबरीया, उभी काय? पानं वाढ!”

मार्टाने लाल चेहऱ्याने पिशवीतून एक नोट काढून पुढे केली. सबरीयाने हात उचलला नाही. कमरेचा एप्रन सोडला, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली.

नव्वारा स्वयंपाकघरात गेली. फडक्याने धरून मुलुखियाचं पातेलं उचललं आणि सज्जात येऊन टोपलीत ठेवलं.

“ए! ते पातेलं माझं आहे!” इन्शिराहबाई ओरडल्या.

“पातेलं धुऊन पाठवू,” नव्वारा म्हणाली. मग खाली वाकून ओरडली, “बखीतकाका! भाकरी आहे का?”

“आहे की, पोरी! गरम आहे!”

तिने दोर दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि थेंबही न सांडता टोपली हळूहळू खाली सोडू लागली.