मुसफ्फातलं पॅरिस

ठेव तो फोन, विहान. बघितले तुझे पॅरिसचे फोटो. सेंट जर्मेन ना? जुनं चर्च, पुस्तकांची दुकानं, लेखक मंडळी वाद घालत बसायची तो कॅफे. मला नको सांगूस. तो अख्खा मोहल्ला मी अबू धाबीत, मुसफ्फाच्या शेडमध्ये उभा राहिलेला पाहिलाय. एका मॉलच्या प्रदर्शनासाठी, प्लायवूड आणि फायबरचा. मी तिथं स्टोअर सांभाळायचो. काय म्हणालीस मिहिका? "रिलॅक्स, मुरलीधर काका"? नाही होत रिलॅक्स. ऐका आता.

माझ्याबरोबर खैरुद्दीन होता, श्रीवर्धनचा पेंटर. दोन हजार पंचवीसचा सप्टेंबर, तेरा तारीख, शनिवार. रात्री पावणेबारा. कॅफेच्या पाटीवर शेवटचा हात मारायचा राहिला होता आणि रविवार असूनही सकाळी क्लायंट येणार होता. वॉचमनकडून त्यानं चावी घेतली, टॉर्च घेतला आणि गेला. अर्ध्या तासाचं काम.

त्याच्या पाच आठवडे आधीचं सांगतो. तोही शनिवारच. संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पला जाणाऱ्या बसमध्ये टाइमकीपर नावं पुकारत होता. आमच्यात एक पद्धत होती. सीट धरायला बॅग आधीच बसमध्ये टाकायची. आणि कुणी दमून झोपला असेल तर त्याला उठवायचं नाही, दुसऱ्यानं त्याच्या नावाचं 'हाजिर' म्हणायचं. आमच्यातल्याच कासम परकारचं नाव आलं. मागच्या सीटवर त्याची बॅग दिसली. खैरुद्दीनला वाटलं, आडवा झाला असेल. म्हणाला, हाजिर. बस सुटली.

कासम त्या चर्चच्या पोकळ मनोऱ्यात पुट्टी भरत होता. शेडला बाहेरून कुलूप. ऑगस्ट महिना, एसी बंद, फोन बॅगेत. रविवारी सुट्टी... सोमवारी सापडला, गेलेला.

आणि कंपनीनं काय लिहिलं, माहितेय? हजेरीप्रमाणे हा कॅम्पवर पोचला होता, म्हणजे रात्री चोरी करायला परत आत शिरला! बावीस वर्षं राबलेला माणूस, चोर! हरामखोर साले. त्याच्या बायकोला, खैरुन्निसाला, फोनवर हेच सांगितलं. आणि खरं एकट्या खैरुद्दीनला माहीत होतं. तो व्हिसाच्या भीतीनं मूग गिळून बसला. मलासुद्धा बोलला नाही. माझा त्याच्यावरही राग आहे, सांगून ठेवतो.

तर त्या रात्री तो आत गेला. दिवे लागेनात. टॉर्च मारत गल्लीतून चालला. पुस्तकांचं दुकान... पुस्तकांच्या नुसत्या पाठी, आत एक पान नाही. कपड्यांच्या दुकानात बिनडोक्याचे पुतळे. कॅफेत टेबलाला चिकटवलेले कप. त्यानं शिडी लावली. वर चढला.

टक्.

थांबला.

टक्... टक्.

मनोऱ्यातून. आतून.

"कोण आहे रे?"

मग अगदी थकलेला आवाज.

"खैरू... बस गेली का रे?"

प्लीज काय, मिहिका? ऐकायचंय ना? मग गप्प बस.

तो शिडीवरून पडला. लंगडत दारापर्यंत आला. आणि तिथंच थांबला. हे सांगताना तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. दाराशी तो म्हणाला, "कासम, माफ कर. मीच हाजिर म्हणालो."



...

मग कानाशी, अगदी जवळ.

"मला नको. तिला सांग."

सोमवारी सकाळी त्यानं ऑफिसात सगळं लिहून दिलं. मॅनेजर म्हणाला, खलास, फाईल बंद झाली, कागद बदलणार नाही. पंधरा दिवसांत ह्याचा व्हिसा कॅन्सल! खरं बोलल्याचं बक्षीस! आग लागो त्यांच्या ऑफिसला. खैरुद्दीन गावी उतरला तो थेट खैरुन्निसाच्या दारात. पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझा माणूस चोर नाही, हे मला ठाऊकच होतं. पण भाऊ, हे बघा." आणि त्याला अंगणात घेऊन गेली.

दोरीवर कासमचा निळा शर्ट होता. शेवटच्या दिवशी अंगावर होता तो, कंपनीनं सामानात पाठवलेला. ती म्हणाली, "धुतला त्या दिवसापासून वाळत घालतेय. दिवसभर ऊन पडलं, तरी वाळत नाही."

डिसेंबरात मीही जाऊन आलो. कंपनीचा तो कागद अजून तसाच आहे, चोर लिहिलेला. भर दुपारी, कडक उन्हात, मी शर्टाला हात लावला.

ओला होता. आणि गरम... आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखा.