पोचा नसलेला तांब्या

खोका. तांब्यापितळेची भांडी. जपून.

मार्करने हे लिहिलं होतं कुमुद गद्रे यांनी स्वतः. इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा एकेक भांडं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून त्यांनी खोके भरले. उपेंद्रने, त्यांच्या मुलाने, भिवंडीच्या एका कोठारात भाड्याने जागा घेऊन ते ठेवले. आज नवऱ्याच्या वर्षश्राद्धासाठी त्यांना तांब्या हवा होता. दुसरा कुठला नाही. तोच.

"जरा बसा आजी," काउंटरवरची निकिता म्हणाली. "बनतोय."

"बनतोय म्हणजे?"

निकिताने उपेंद्रकडे पाहिलं. उपेंद्रने छताकडे.

मग तिनेच सांगितलं. इथे वस्तू राहत नाहीत. आली की तिचं विरचन होतं. कण सुटे करायचे, कुठला कण कुठे होता याची रचनानोंद ठेवायची. धातू धातूच्या साठ्यात, लाकूड लाकडाच्या. मागितली की नोंदीवरून वस्तू पुन्हा घडवायची. म्हणून तर अख्ख्या घराचं सामान एका कपाटाच्या भाड्यात.

"तू तर म्हणालास, कुलूप लावून आलोय."

"खरं सांगितलं असतं, तर खोक्यांवर चढून बसली असतीस."

बसल्याच असत्या.

झडप उघडली. गाठोडं कोमट होतं. साडी तीच. हळदीचा डाग तोच. गाठसुद्धा त्यांचीच. सोडली. काठावर कोरलेलं नाव: सौ. कुमुद, मामांकडून. बोट सवयीने तांब्याच्या पोटाशी गेलं.

गुळगुळीत.

फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला.

"यातला पोचा?"

निकिताने पडदा पाहिला. "एक बदल केलाय. ग्राहकाच्या सूचनेवरून."

"मीच सांगितलं," उपेंद्र म्हणाला. "श्राद्धाला पोचा आलेलं भांडं कशाला? आणि किती वर्षं बघायचं ते?"

आमटी अळणी झाली होती, एवढंच. तांब्या त्यांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. फेकणारा आता हार घातलेल्या फोटोत, सगळ्यांचा देवमाणूस. ती भिंत इमारतीबरोबर पडली. तांबट दोनदा म्हणाला होता, वहिनी, ठोकून देतो. दोन्ही वेळा त्या नको म्हणाल्या होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं. पण तांब्या घासताना रोज हाताला लागायचं, की हे घडलं होतं.

"आजी, जुनी नोंद आहे आमच्याकडे," निकिता घाईने म्हणाली. "तसाच्या तसा पोचा घालून मिळेल."

"फेकणार कोण? तू?"

कुमुदताई मुलाकडे वळल्या.

"उपेंद्र. तू दारात उभा होतास. सांडलेलं पाणी तूच पुसलंस, तुझ्या शाळेच्या शर्टाने."

"मी?"

"शर्ट ओला म्हणून शाळेत गेला नाहीस."

"आई, बाबांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. कुठून काढतेस हे? पोचा पडलेला असेल कशानेतरी."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो नाकाला हात लावायचा, लहानपणापासून. आता दोन्ही हात टेबलावर होते, स्वस्थ. चेहरा मोकळा, जराही आठी नाही. कुमुदताई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. रागाच्या जागी काहीतरी थंड सरकत आलं.

"अरे," त्यांनी हळू विचारलं, "तू इथे कधी स्वतःला ठेवून गेला होतास का?"