गायकासमोरचा आरसा

मिरजेच्या नादवेध प्रयोगशाळेतील श्रवणकक्षात खुर्च्या पुष्कळ होत्या. परंतु मधोमध, चौथऱ्याच्या अगदी समोर, दोन हातांवर मांडलेली सागवानी खुर्ची एकच होती, आणि ती डॉ. वैजयंती शेडबाळे यांची होती. बाई तिच्यात स्थानापन्न होऊन उजव्या हाताची तर्जनी उचलीपर्यंत या संस्थेत कोणतेही मापन सुरू होत नसे. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

आज मापन नव्हते; आज दूरचित्रवाणी पाहावयाची होती. तरीही मुख्य अभियंता निरंजन आवटी तर्जनी उचलली जाण्याची वाट पाहत उभे होते. बाईंनी सुजलेले पाय चौरंगावर ठेवले, शाल सारखी केली आणि तर्जनी उचलली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बोटात आता ताकद फारशी उरली नव्हती. जरब तेवढी शाबूत होती.

पडद्यावर गिटारचे दोन-चार रखडते सूर उमटले. ब्लूज संगीतावरील माहितीपट-मालिकेचा हा शेवटचा भाग. तो येत्या रविवारी प्रसारित व्हायचा होता, आणि तत्पूर्वी वाहिनीला प्रयोगशाळेची संमती हवी होती. कारण मालिकेतील सारी जुनी दृश्ये याच संस्थेच्या 'नादछाया' यंत्राने घडवली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या खरखरीत तबकडीवरून ते यंत्र गाणे तर स्वच्छ करीच, शिवाय ते गाणे ज्या खोलीत मुद्रित झाले ती खोलीही उभी करी: पलंग, खिडकी, माणसे.

"अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांत राबून दमलेल्यांचे गाणे," पाठीमागून डॉ. रेश्मा सतारमेकर हळूच म्हणाल्या. गेल्याच वर्षी त्या संस्थेत गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या होत्या. "एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. सगळी रचना एवढीच."

"दमलेल्या माणसाला एवढीच पुरते," बाई म्हणाल्या. "पुढे ऐकू द्या."

सायलस बून नावाचा गायक एका हॉटेलच्या खोलीत स्टुलावर बसला होता. कोपऱ्यात गाणे मुद्रित करणारा मुद्रक आपल्या यंत्रावर वाकलेला होता. गायकासमोर, दोन हातांवर, एक खुर्ची होती, रिकामी. त्याने एक ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, क्षणभर थांबला आणि तिसरी ओळ म्हटली. निवेदक गंभीर स्वरात म्हणाला, "हा माणूस रिकाम्या खुर्चीपुढे गायला. ब्लूज म्हणजे दुसरे काय?"

मग एक वृद्ध स्त्री दिसली. चर्चला जाण्याची टोपी घालून ती ओसरीवर बसली होती. तिचे नाव लोरेटा. ती म्हणत होती, "त्या खुर्चीवर माझी आजी होती, कोरा. पहिली ओळ त्याची, तिसरी तिची. ती नुसते ओठ हलवायची आणि तो गायचा. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे." त्यावर निवेदकाने मृदूपणे सांगितले की घरोघरी अशा कथा असतात, विज्ञान मात्र सांगते की खुर्ची रिकामी होती. गावात उभारल्या जाणाऱ्या स्मारकशिळेवर म्हणून सायलस बूनचे एकच नाव कोरले जाईल. लोरेटाने टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि चित्रपट्टी संपली.

"सुरेख झाले आहे," आवटी म्हणाले. "बाई, संमती पाठवतो."

"थांबा."

"बाई दाद देत नाहीत, सही देतात, असे आम्ही रेश्माताईंना सांगूनच ठेवले आहे," आवटी हसले.

"दाद तोंडाने द्यायची नसते, आवटी. ऐकणाऱ्याने समोर बसायचे असते, तीच दाद. तो तिसऱ्या ओळीआधी थांबतो ना, तेवढे पुन्हा लावा."

त्यांनी ते लावले. सायलस बून थांबला. बाईंनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, "श्वासासाठी नाही थांबला, श्वास त्याने आधीच घेतला आहे. भिंतीसाठी कोणी थांबत नाही."

रेश्माताई खुर्ची ओढून पुढे आल्या. "बाई, चौथ्या भागापासून मला एक विचारायचे आहे. रागावणार नसाल तर."

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"चौथ्या भागात तुरुंगाची बराक आहे. कैदी गातो आहे आणि त्याच्यासमोर पुरुषभर उंचीचा आरसा आहे. निवेदक म्हणतो, गायक स्वतःच्या प्रतिबिंबाशी बोलत. पण कैद्यांच्या बराकीत एवढा आरसा कोण लावील?"

"पत्रा असेल," आवटी म्हणाले.

"पत्र्याचा नाद वेगळा. सतारमेकरांच्या घरात जन्मले आहे, साहेब, एवढे तरी कळू द्या. आणि प्रत्येक आरसा गायकापासून दोन हातांवरच कसा? मला सांगा, शून्यनोंद कशी घेतली होती?"

आवटींनी घसा साफ केला. हे त्यांनी अनेक पाहुण्यांना समजावले होते. "सूर भिंतीवर आदळून परततो; माणसाच्या देहात, कपड्यांत जिरतो. जिथून सूर कमी परततो तिथे यंत्र देह दाखवते. जिथून जास्त परततो तिथे काचेसारखे कठीण काही. पण कमी कशापेक्षा, जास्त कशापेक्षा? त्यासाठी रिकामी खोली कशी वाजते हे यंत्राला आधी शिकवावे लागते. तीच शून्यनोंद. ती याच कक्षात घेतली. ध्वनिक्षेपक त्या चौथऱ्यावर होता."

"तेव्हा आत कोण होते?"

"कोणीही नाही. झाडूवाल्या मावशींनासुद्धा बाहेर काढले. दार मी स्वतः लावले."

"बाई कुठे होत्या?"

"बाई? बाई अर्थात इथेच. बाई बसल्याशिवाय मापन कसे..." आवटींचे वाक्य तिथेच थांबले.

बाईंनी खुर्चीच्या सागवानी हातांवरून तळवा फिरवला.

"मला बाहेर व्हा म्हणण्याची तुमची छाती झाली नाही," त्या म्हणाल्या.

"छातीचा प्रश्न नव्हता, बाई. सुचलेच नाही. आपण कक्षात नाही अशी कल्पनाच कोणी कधी केली नव्हती."

"माझ्याही मनात आले नाही. म्हणजे यंत्राने मला फर्निचरात जमा धरले. ठीक. आता सरळ विचार करू. गायकासमोर बसलेला एक देह ही यंत्राच्या हिशेबी रिकामी जागा. तेव्हा एखाद्या खोलीत तिथे खरोखर कोणी बसले असेल, तर यंत्र काय दाखवील?"

"रिकामी खुर्ची," रेश्माताई म्हणाल्या.

"आणि खरोखर कोणी नसेल तर?"

"तर तिथून अपेक्षेपेक्षा जास्त सूर परतेल. ती जागा यंत्राच्या रिकाम्या जागेहूनही रिकामी. यंत्राला असे काही माहीत नाही, म्हणून ते तिथे काच उभी करते. बाकी खोलीत चूक नाही. तो मुद्रक बरोबर दिसतो. चूक फक्त समोरच्या जागेची." त्यांचा आवाज खाली आला. "तुरुंगातला कैदी एकटा होता, बाई. सायलस बून एकटा नव्हता."

"त्या म्हातारीचे घर खरे बोलत होते," बाई म्हणाल्या.

आवटी कपाळ चोळत उभे राहिले. नवी शून्यनोंद घेऊन यंत्राला पुन्हा शिकवायचे म्हणजे तीन आठवडे. प्रसारण रविवारी. शिळा त्यानंतर लगेच. "नुसत्या तर्कावर वाहिनी भाग थांबवणार नाही. ते पुरावा मागतील. अशी एखादी खोली हवी की जिथे यंत्राने आरसा दाखवला आहे, आणि तिथे आरसा नव्हता हे कोणी शपथेवर सांगू शकेल. शंभर वर्षांपूर्वीच्या खोल्यांची शपथ आता कोण घेणार?"

बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाईंकडे पाहिले नाही.

तशी एक खोली होती. ती मिरजेतच होती, आणि मालिकेच्या पहिल्याच भागात, यंत्राची ओळख करून देताना, जगाने ती पाहिली होती. बाईंचे यजमान, गायक पार्श्वनाथबुवा शेडबाळे, यांचे शेवटचे गाणे घरच्या बैठकीत मुद्रित झाले होते. ती बैठक पुन्हा पाहता यावी एवढ्यासाठीच बाईंनी उतारवयात हे यंत्र बांधायला घेतले होते. कॅमेऱ्यापुढे त्यांनी ताठ मानेने सांगितले होते, "बुवा शेवटचे गायले तेव्हा मी समोर बसले होते." यंत्राने तंबोरा दाखवला, खिडकी दाखवली, बुवा दाखवले. समोर मात्र एक आरसा उभा होता. त्या भिंतीला चुन्याशिवाय कधी काही नव्हते. तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या होत्या, "यंत्र नवे आहे, शिकेल." त्यानंतर तो विषय संस्थेत कोणी काढला नव्हता.

"दुसरे एखादे मुद्रण शोधू, बाई," आवटी म्हणाले.

"दुसरे आहे का?"

"नाही."

"मग ते लावा."

यमनाची संथ सुरावट कक्षात पसरली. हे मुद्रण बाईंनी इतक्या वेळा ऐकले होते की प्रत्येक खटक्याआधी त्यांची मान आपोआप हले. स्थायी संपली. बुवा थांबले. तो थांबा नेहमीपेक्षा किंचित लांब होता. दाद द्यायला जागा ठेवावी तसा. मग त्यांनी अंतरा उचलला.

इतकी वर्षे बाईंना वाटत आले होते की त्या थांब्यात आपण आहोत. समोर ताठ बसलेल्या, तोंडाने काही न बोलणाऱ्या. बुवांची शाल आठवत होती, तिन्हीसांजेचा खिडकीतला उजेड आठवत होता. पण शाल ते रोजच घेत, आणि तिन्हीसांज रोजच होई. त्या दिवशीचे म्हणून वेगळे काय आठवते, असे त्यांनी आज स्वतःला प्रथमच विचारले. आठवले ते गाणे. आणि गाणे तर मुद्रणातलेच होते. एखादी गोष्ट हजार वेळा ऐकली की माणूस स्वतःला तिच्यात नेऊन बसवतो. त्या काळात प्रयोगशाळेतून निघायला त्यांना रोज उशीर होई.

"बाई," रेश्माताई म्हणाल्या, "हे जोडले तर पहिल्या भागात आपण जे सांगितले आहे..."

"मी काय सांगितले आहे ते मला ठाऊक आहे. माझीच वाणी आहे." बाईंनी चौरंगावरून पाय खाली घेतले. एकेक घेतला, कारण दोन्ही एकदम आता उतरत नसत. "आवटी, वाहिनीला लिहा. शेडबाळे यांच्या बैठकीचे मुद्रण पुरावा म्हणून सोबत जोडले आहे. त्या भिंतीला आरसा नव्हता, हे घरमालकीण शपथेवर सांगते. तेथे आरसा दिसतो, कारण गायकासमोर कोणीही नव्हते. आणि ज्या खोलीत रिकामी खुर्ची दिसते, त्या खुर्चीवर माणूस होते. तिचे नाव तिच्या नातीला विचारा. शिळेवर दोन नावे घाला."

आवटी खाली मान घालून लिहीत होते. रेश्माताईंनी हात पुढे केला. बाईंनी तो पाहिला आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन आपल्या आपण उठल्या. दाराकडे चालताना त्या म्हणाल्या, "उद्यापासून नवी शून्यनोंद घ्या. मी बाहेर पडवीत बसेन. बोट कोणी उचलायचे ते तुमचे तुम्ही ठरवा."

"बाई, आणखी एक," आवटींनी मागून विचारले. "निवेदकाचे ते वाक्य, 'हा माणूस रिकाम्या खुर्चीपुढे गायला.' ते काढून टाका असे कळवू ना?"

बाई उंबऱ्यावर थांबल्या. थांबा किंचित लांब झाला.

"वाक्य कशाला काढता? वाक्य खरे आहे," त्या म्हणाल्या. "त्याखालची खोली बदला. आमची बैठक दाखवा."