चहाच्या घोटाएवढं थांबून

मी ज्याच्या प्रेमात पडले, तो पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला वाटलं, बाबाच आलेत. आणि बाबांना जाऊन महिना झाला होता! हसू नका. माझ्या जागी तुम्ही असता तर हेडफोन फेकून पळाला असता.

बाबा बडनेरा जंक्शनवर तारबाबू होते. तारा बंद झाल्या, बाबा निवृत्त झाले, पण बोटं काही निवृत्त होईनात. मग हौशी रेडिओचा परवाना काढला. जुना सेट बिघडला तेव्हा नवा किट मागवला. एक हिरवी पाटी, पुड्यांमध्ये रेझिस्टर, तांब्याच्या बारीक तारेचं रीळ. अर्धा जोडून झाला आणि एप्रिलमध्ये छातीत कळ येऊन ते गेले.

उरलेला अर्धा मी जोडला. सकाळी राजापेठेत ट्यूशन घ्यायची आणि दुपारी सोल्डरिंगच्या धुरात डोळे चोळत बसायची. तारेची कॉइल तीनदा चुकली; बाबा होते तेव्हाही ती मला कधी जमली नव्हती. आई म्हणायची, "काय करून राहिली व बाई?"

"बाबांचं राहिलेलं काम."

ते २००६ साल. वऱ्हाडात बारा-बारा तास लोडशेडिंग. रोज सकाळी पेपरात गावाकडची एक तरी वाईट बातमी असायचीच. मे महिन्यात रेडिओ जोडून झाला, त्या दिवशी दुपारी तीनला लाइट गेली, पंखे थांबले, शेजारचा टीव्ही गप्प झाला. माझा रेडिओ बॅटरीवर होता. इतका वेळ नुसती खरखर होती, ती एकदम ओसरली आणि आत कोणीतरी बोलायला लागलं... मोर्समध्ये.

बाबांचं कॉलसाइन. पुन्हा बाबांचं कॉलसाइन, रेडिओवरचं त्यांचं नाव. आणि मग, इंग्रजी अक्षरांत मराठी, "कसे आहात?"

मोर्समध्ये प्रत्येकाचा हात ओळखू येतो, आपण एखाद्याचं हस्ताक्षर ओळखतो ना, तसा. हा हात बाबांचा होता! तोच शेवटचा ओढून लांबवलेला डा, म्हणजे मोर्सचा लांब ठोका... मध्येच तेच थांबणं. तिथं बाबा बशीतून चहाचा घोट घ्यायचे. बाबांचा हात बाबांनाच हाक मारत होता!

मी मोर्स ठोकायच्या कीवर बोट ठेवलं. डिट डिट. दोन छोटे ठोके, बाबा निरोप घेताना द्यायचे तेवढेच. मला परवाना नव्हता, पण बापाला उत्तर द्यायला कसला आलाय परवाना?

मग रोज सव्वातीनला तो यायचा, आणि मी दोन डिट द्यायची. तो स्वतःचं कॉलसाइन देऊ लागला की मी कानांवरून हेडफोन दूर धरायची. बाबांच्या लॉगबुकात शोधलं असतं तर पत्ता मिळाला असता. पण मला कळून घ्यायचंच नव्हतं. कळलं असतं तर बाबा पुन्हा एकदा गेले असते.

सप्टेंबर आला. पितृपंधरवडा चालू होता. आई कावळ्यासाठी भिंतीवर घास ठेवून आली, आणि सव्वातीनला माझ्या कानात बाबांच्या हातानं शब्द आले, "उद्या येतो घरी."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता लाइट गेली. सव्वातीनला दारावर दोन थापा पडल्या. डिट डिट.

अगं बाई गं! मी जीव मुठीत धरून कडी काढली.

दारात एक उंच, सावळा तरुण उभा. खांद्याला पिशवी, बोटांना तांब्याचा काळपटपणा, आणि डोळे... असू दे, डोळ्यांचं नंतर.

"सर हायेत का जी? मी धर्मपाल. दर्यापूरले मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाये माहं. सरांनी मले रेडिओवरच मोर्स शिकवलं. आजवर भेट नाही झाली."

मी त्याला बसवलं. तो टेबलावर बोट आपटत बसला. तोच हात. तेच थांबणं!

"इथं थांबलात काहून?" मी विचारलं.

"सर थांबत. नियम हाये तो."

"नियम कशाचा? बाबा चहाचा घोट घेत तिथं!"

"बाप्पा! मी तं चहा पेतच नाही," तो म्हणाला, आणि हसता हसता मला रडू फुटलं. मग मी सगळं सांगून टाकलं.

त्याचं बोट थांबलं. तो म्हणाला, "मंग रोज दोन डिट कोन देत व्हतं?"

"मी."

"मले वाटलं, सर बिमार हायेत, म्हनून थोडकंच बोलतात. चार महिने मी तुमच्यासंगं बोलून राहिलो व्हतो?"

"आणि मी तुमच्यात बाबांना ऐकत होते. माफ करा."

तो उठला. दारापाशी वळून म्हणाला, "तुमाले पाहिजे तं मी रोज सरांच्याच हातानं पाठवीन."

किती मोह झाला होता! तरी मी मान हलवली. "नको. तुमच्या हातानं पाठवा."

"माहा हात कसा हाये, मलेच ठाव नाही." एवढं बोलून तो गेला.

पुढे तेरा दिवस सव्वातीनला नुसती शांतता. एकही डिट नाही. बाबा गेले होते, आता खरेच गेले होते. आणि मी मात्र त्या सावळ्या तोंडाची वाट पाहत होते, लाज वाटत होती तरी.

चौदाव्या दिवशी एक अनोळखी हात आला. घाईचा, अडखळणारा, शेवटचा डा तोडून टाकणारा. घोटासाठी कुठंच न थांबणारा.

"सर म्हणायचे, पोरीले कॉइल जमत नाही. मी शिकवू का..."

आणि तो थांबला. चहा न पिणारा तो माणूस थांबला, चांगला लांबलचक थांबला, आणि मग एकेक अक्षर जपून ठेवत त्यानं माझं नाव पाठवलं. मैथिली.

परवाना? येईल हो, अर्ज केलाय! मी डोळे पुसले आणि कीवर बोट ठेवलं. आज दोन डिटनं भागणार नव्हतं.