वेशीतली ओळख

हर्षलचा फोन आला तेव्हा पंकजा कुणाच्या तरी रक्ताच्या बाटलीवर नाव चिकटवत होती. वर्षभर ज्याचं नाव निघालं की तिच्या कपाळाला आठी पडायची, तो धाकटा भाऊ आज आपण होऊन बोलत होता, आणि तेही गोड.

"ताई, रविवारी नावलीला ये. सीझनची पहिली फेरी हाय. तुझ्याबिगर कोन हाय मला आता?"

ती विरघळली. एरवी ती विरघळणारी बाई नव्हती. श्रीरामपुरात तिची स्वतःची लॅब होती, आणि पोराला दृष्ट लागली म्हणणाऱ्या आयांना ती हिमोग्लोबिन तपासायला लावायची. पण भावाचा विषय आला की तिची अक्कल लहानपणापासून पेंड खायला जायची. रविवारी पहाटे उठून तिने हुलग्याचे शेंगोळे केले, त्याला आवडतात तसे लसूण सढळ टाकून. डबा फडक्यात बांधताना आईची आठवण आली. आई गाठ मारून तिचं टोक आत असं खोचायची, की एस.टी. कितीही आदळली तरी गाठ हलायची नाही. पंकजाला ती गाठ कधीच जमली नाही. साधी गाठ मारून ती निघाली.

जुनी नावली म्हणजे गोदेकाठची तटबंदीतली पेठ. कापूस, गूळ, मीठ घेऊन नावा लागायच्या त्या घाटाला गावकरी ऐटीत बंदर म्हणत. मग धरण झालं, फुगवटा चढत आला आणि गाव उठलं. माणसं घोडेगावच्या अंगाला नव्या गावठाणात आली, पेठ पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तट, बुरूज, वेस आणि बंदराच्या पायऱ्या उघड्या पडतात. या दोघांची आई, छबूबाई, त्याच पेठेत जन्मली होती. हर्षलला त्यात धंदा दिसला. बुडालेल्या बंदराची पायी सफर! पुण्याची माणसं टोप्या घालून येऊ लागली.

सफर सुरू झाली त्या उन्हाळ्यापासून आईचं काहीतरी बिनसलं. रविवार आला की ती हर्षलच्या घरी खाटेवर बसून राहायची, बोलायची नाही, आणि लुगड्याचा काठ ओला असायचा. पंकजाने पुन्हा पुन्हा रक्त काढून नेलं. दरवेळी सगळं नॉर्मल. गेल्या जूनमध्ये, सफरीच्या शेवटच्या रविवारी, आई बसल्या जागी गेली. हर्षलने ताईला कळवलं ते अग्नी दिल्यावर. तुला धक्का बसला असता, म्हणाला. आईचं तोंड शेवटचं बघू दिलं नाही, हे पंकजाच्या काळजात सलत होतं. तरी ती आली. घरचं म्हणून तेवढंच एक माणूस उरलं होतं.

वेशीबाहेर, पाणी ओसरल्यावर पेरतात त्या गाळपेराच्या जमिनीत बन्सीमामांचा कलिंगडाचा मळा होता. मामा आईच्या बालपणचे शेजारी. सफरीच्या लोकांना कलिंगडं कापून द्यायचे, पण वेशीच्या आत पाऊल टाकायचे नाहीत.

"छबूची लेक ना तू?" त्यांनी विचारलं.

"व्हय मामा."

"कशापायी आलीस गं?" असं म्हणून त्यांनी हर्षलकडे पाहिलं आणि मान खाली घालून सुरीला धार लावत बसले.

हर्षल वेशीच्या ओट्यावर चढला. लोकांसमोर त्याची भाषा पुणेरी व्हायची, याचं पंकजाला हसू आलं.

"मंडळी, पेंढाऱ्यांच्या धास्तीपासूनची या गावाची एक रीत आहे. वेशीत परका आला की आतून विचारणा व्हायची, कुणाकडचं? पाहुण्याने गावातल्या एका माणसाचं नाव सांगायचं. ते माणूस म्हणजे त्याची ओळख. पाहुणा याच वेशीतून परत जाईपर्यंत ओळखीने गाव सोडायचं नाही."

"आणि पाहुणा भिंतीवरून पळाला तर?" एका टोपीवाल्याने विचारलं.

"तर ओळख आतच. दुसरी ओळख मिळेपर्यंत."

सगळे हसले. हर्षलही हसला.

ही गंमत पंकजाने त्याच्या व्हिडिओंत पाहिली होती. लोक दरवेळी ओरडायचे, छबूबाईकडचे! आईचं नाव इतक्या जणांच्या तोंडी येतंय, याचं तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं.

"आज सगळ्यांनी म्हणायचं, पंकजाकडचे!" हर्षल म्हणाला. "ही माझी थोरली बहीण."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंकजाचे डोळे भरून आले. वर्षभर आपण उगीच राग धरला, असं तिला वाटलं.

"कुणाकडचं?" हर्षल ओरडला.

"पंकजाकडचे!"

वेशीच्या दगडांत आवाज घुमला आणि विरला. मग आतून, बऱ्याच उशिराने, कुणीतरी पुन्हा विचारलं, "कुणाकडचं?"

"घुमतं इथं," हर्षल घाईने म्हणाला.

पंकजाला ते पटलं नाही. घुमायचं तर लोकांचं उत्तर घुमायला हवं होतं, त्याच्याआधीचा प्रश्न नव्हे. पण उन्हाने डोकं तापलं होतं आणि लोक आत निघालेही होते. तीही निघाली.

बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं. वेशीच्या आत मात्र गारवा होता, नुकत्याच सारवलेल्या घरात असतो तसा. छप्परं केव्हाच गेलेली, भिंती कमरेएवढ्या, सगळ्यावर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा. हर्षल बंदराच्या पायऱ्या दाखवत होता, नावा बांधायच्या कड्या दाखवत होता. लोक फोटो काढत होते. पंकजाने एका कडीला हात लावला. ती ओली होती. पाणी तर पार लांब, आभाळाच्या कडेला चकाकत होतं.

परतताना पुण्याची एक बाई तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या आजींना बसवलंय ना दारात, फार छान कल्पना आहे हं. अगदी खऱ्या वाटतात."

"कुठल्या आजी?"

बाईने बोट दाखवलं. एका पडक्या घराचा ओटा होता. ओट्यावर कुणी नव्हतं. दगडावर बसल्या माणसाच्या आकाराचा ओला डाग होता आणि खाली गाळात पावलं उमटली होती, उजव्या पावलावर डावं पाऊल ठेवल्यासारखी. आई अशीच बसायची. गुडघा चोळत, डावा पाय उजव्यावर टाकून.

पाझर असेल, पंकजाने स्वतःला बजावलं. खालून पाणी चढतं दगडात.

"हर्षल, हे घर कुणाचं रे?"

"आजोळ आपलं," तो म्हणाला. त्या बाजूला त्याने मान वळवली नाही.

ऊन कलायला लागलं. हर्षल तिला वेशीपर्यंत घेऊन आला.

"ताई, तू हितं ओट्यावर थांब. मी लोकांना मागच्या बुरजाकडून फिरवून आनतो. कुनी मागं राह्यलं तर बाहेर काढ. आन डबा दे हिकडं, किती येळ वागवशील?"

तिने डबा दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि क्षणभर तिच्याकडे पाहिलं. लहानपणी काही फोडलं की तो असाच बघायचा.

ती बसून राहिली. बराच वेळ लोकांचे आवाज येत होते, मग ते लांब लांब गेले. मागच्या अंगाला टेम्पो सुरू झाला तेव्हा ती दचकून ओट्यावर उभी राहिली. तटाला तिकडे मोठं खिंडार होतं. त्यातून लोक एकेक करून बाहेर उतरत होते, हसत, एकमेकांना हात देत. सगळ्यात शेवटी हर्षल होता. त्याच्या काखेत डबा होता.

तिने हाक मारली. तो थांबला नाही. तिने फोन लावला.

"हर्षल, अरे मी वेशीत हाय."

"म्हाईत हाय."

"मग?"



"ताई, गेल्या साली शेवटच्या रविवारी पानी चढत हुतं. मी भिऊन लोकं खिंडारातनं काढली. तवापासून आई आत हाय. रोज राती हाक मारती, गारठले रे. मला ऐकवत न्हाई."

"काय बोलतोस तू? आणि म्हणून मला…"

"मला पोरंबाळं हायत, ताई. तुझ्या मागं कोन हाय?"

फोन बंद झाला.

पंकजाला भीती वाटली नाही. आधी राग आला, मग इतकं रडू आलं की ती खाली बसली. भुतंखेतं, ओळख, रीत, यातलं तिला काही खरं वाटत नव्हतं. पण त्याला ते खरं वाटत होतं, आणि तरी त्याने तिचंच नाव घेतलं होतं. लोकांच्या टाळ्यांत घेतलं होतं.

तेवढ्यात मागून पावलं वाजली.

ओली पावलं. सावकाश.

ती वळली नाही. पावलं तिच्या शेजारी आली. हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"आई," ती म्हणाली.

पावलं थांबली. पंकजाने मान वर केली. चेहरा आईचाच होता, थकलेला, घरी जायची ओढ लागलेला. आता ती आपल्याला जवळ घेईल, असं पंकजाला वाटलं. तेवढं झालं असतं तरी तिने सगळं सोसलं असतं.

"हर्षल वाट बघत आसंल," आई म्हणाली.

आणि वेशीतून बाहेर पडली. मागे वळून न बघता.

तापलेल्या गाळावर तिची पावलं उमटत गेली आणि वाळत गेली.

थोड्या वेळाने पंकजाही उठली. वेशीतून बाहेर आली. कुणी अडवलं नाही, काही झालं नाही. एवढंच होतं तर, ती मनात म्हणाली. बन्सीमामा पाट्या आवरत होते. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"पान्यात उतरली हुतीस का, बाय?"

पाणी कोसभर लांब होतं. तिने खाली पाहिलं. साडी घोट्यापर्यंत भिजली होती.

"आज नाव कुनाचं सांगितलं त्यानं?" मामांनी विचारलं.

तिने वाकून काठ पिळला. 

आठवडाभर तिने साडी उन्हात घातली, इस्त्री केली, शेवटी बदलली. जी नेसायची तिचा काठ ओला व्हायचा. तिने स्वतःचं रक्त काढलं आणि स्वतःच तपासलं. सगळं नॉर्मल होतं.

पुढच्या रविवारी ती लॅब उघडून बसली होती. पेशंट नव्हते. अचानक वाटलं, लांब कुठेतरी खूप माणसं मिळून काहीतरी ओरडली आणि हसली. पावलं गार पडली. गारवा घोट्यावर चढला, मग पोटरीवर. ती खुर्चीतून उठायला गेली आणि उठवेना, म्हणून बसून राहिली.

संध्याकाळी उठता आलं. तेवढ्यात घोडेगावकडून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने डबा आणून दिला. तुमच्या भावानं दिलाय, म्हणाला. फडक्याच्या फटीतून दिसत होता तेवढा डबा घासूनपुसून लख्ख होता. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, म्हणून आत गुळाचा खडा टाकलेला असावा, तो खुळखुळत होता.

फडकं तिचंच होतं. गाठ तिची नव्हती. टोक आत खोचलेलं होतं, एस.टी. कितीही आदळली तरी हलणार नाही असं.

तिने गाठीवर बोट फिरवलं. ती खडखडीत कोरडी होती.