न गोठलेल्या साठ नळ्या

प्रयोगशाळेतल्या थंड पेटीत काचेच्या साठ नळ्या उभ्या होत्या आणि उणे पंधरा अंशांवरही त्यांतलं पाणी पाणीच होतं. यात नवल काही नाही. पाणी अगदी शुद्ध असेल आणि त्याला कुणी डिवचलं नाही, तर ते शून्याखालीही बराच वेळ तग धरतं. मग कधीतरी आत कुठेतरी बर्फाचा एक कण धरतो आणि बघता बघता सगळी नळी पांढरी होते. कोणती नळी कधी जाईल हे देवही सांगू शकणार नाही. पण साठांतल्या निम्म्या चार तासांत जातात, हे सरांनी शोधून काढलं होतं. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं.

शोध सरांचा, नळ्या धुणं मेहुण्याचं. एकेक नळी सात वेळा. धुळीचा कण राहिला तरी पाणी त्यालाच धरून गोठतं, म्हणून उघड्या हाताच्या माणसाला तो नळ्यांच्या वाऱ्यालाही उभा करत नसे. "भाऊजी, हातमोजे," एवढंच म्हणायचा आणि सरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वयाने धाकटा, हाताखालचा, आणि वर आपल्यालाच शिकवतो!

गेल्या वर्षी परीक्षक आले तेव्हा घाईत सरांनीच उघड्या अंगठ्याने बारा नळ्यांची तोंडं पुसली. बाराही नळ्या दहा मिनिटांत पांढऱ्या. सगळ्यांदेखत सरांनी खापर मेहुण्यावर फोडलं. "धुताना हयगय झाली याच्याकडून," म्हणाले. त्याने आळ स्वतःवर घेतला. बहिणीच्या संसाराचा विचार केला असेल. त्याची नोकरी गेली. नळी सात वेळा धुणाऱ्याला कामचुकार म्हटल्यावर तो काय जगणार? तीन महिन्यांत झुरून गेला. सरांनी बायकोला धीर दिला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. निर्लज्जपणालाही शिस्त लागते, ती सरांकडे होती.

पेटीतल्या या साठ नळ्या म्हणजे मेहुण्याने धुऊन, भरून, तोंड बंद करून ठेवलेली शेवटची खेप. सरांनी ती आता थंडीला लावली होती. चार तास झाले. चार दिवस झाले. आज अकरावा दिवस होता आणि एकही नळी गोठली नव्हती.

"पेटी बिघडली असेल," सर स्वतःशीच म्हणाले. पेटी ठणठणीत होती. त्यांनी नळ्या हलवल्या, टेबलावर आपटल्या. शेवटी एका नळीचं तोंड उघडून चिमट्याने बर्फाचा खडा आत सोडला. बर्फ भेटला की असलं पाणी क्षणात गोठतं, याला अपवाद नाही. खडा तरंगला, आणि उणे पंधरा अंशांत साखरेसारखा विरघळला.

थर्मामीटर खोटं बोलत असेल म्हणून सरांनी तो तळहातात धरला. आकडा हलला नाही. उणे पंधरा.

दुसरा आणला, जिभेखाली धरला. उणे पंधरा.

थंडी वाजत नव्हती. बोटं वळत होती, नाडी लागत होती. सर ओरडले नाहीत. विषय त्यांचाच होता. हळूच खुर्चीत टेकले आणि थर्मामीटर मांडीवर धरून बसले. कपडे, खुर्ची, चिमटा, कशाच्याच स्पर्शाने काही झालं नव्हतं. मग आपण गोठणार कशाने? त्या बारा नळ्या कशाने गेल्या, तेवढं मात्र आठवलं.

दुपारी बायको आली. दारातल्या खोक्यातले हातमोजे चढवून, शिस्तीत. तिच्या हातात पारदर्शक पिशवी होती, पिशवीत एक रिकामी नळी.

"त्याच्या कपाटात सापडली," ती म्हणाली. "त्या बारांतली. तोंडाशी अंगठ्याचा ठसा आहे. त्याचा तर नाहीच, तो हातमोजे घालून जेवायलाही बसला असता."

"अगं, तिथेच थांब. जवळ येऊ नकोस."

"कुणाचा ठसा आहे, अहो?"

सांगून टाकावं, असं सरांना वाटलं. एक शब्द पुरला असता.

"त्यानेच नीट धुतली नसेल," ते म्हणाले.

तिने पिशवी टेबलावर ठेवली. रडली नाही, तिचं वर्षभर रडून झालं होतं.

"धाकट्याने मला सगळं समजावलं होतं," ती म्हणाली. "म्हणायचा, ताई, ते पाणी कितीही तग धरेल गं, पण उघडं बोट लागलं की संपलं."

तिने उजवा हातमोजा काढला. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"नको! माझा आहे. माझाच ठसा आहे तो!"

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

पेटीतलं पाणी नितळच राहिलं.

मांडीवरचा आकडा चढू लागला. उणे बारा. उणे सात. उणे दोन. गोठताना पाणी ऊब सोडतं, हे सर वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

ऊब मानेपर्यंत उतरली. मग छातीपर्यंत. फार बरं वाटत होतं.