गेझीनेवहिनीची कोरी ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवावर आहे. म्हणूनच हे खोटं रचून सांगायची माझी छाती होणार नाही.

गेल्या वर्षी, सेंट मायकेलच्या सणाआधीचा शनिवार. संध्याकाळ. लाइपझिगजवळच्या आमच्या गावातलं चर्च.

माझा थोरला भाऊ आन्सेल्म तिथला संगीतकार. तो पाद्रीबाबांच्या प्रवचनाला चाल लावतो आणि गायकांकडून ते गाऊन घेतो, तेव्हा दगडालाही पाझर फुटतो.

सणासाठी तो एक कन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची मोठी रचना, लिहीत होता. दोन पियानो आणि छोटा वाद्यवृंद. एक पियानो त्याचा, दुसरा गेझीनेवहिनीचा.

वहिनी ईस्टरलाच देवाघरी गेली होती.

तरी रचनेच्या कागदावर तिची ओळ होती.

कोरी...

"दादा, हे कोण वाजवणार?"

"तिचं ती बघेल. मी लिहिलेलं तिला कधी आवडलंय?"

तो हसला. मला रडू आलं. त्याचं जेवण सुटलं होतं, सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. असंच चाललं तर हाही हातचा जाणार, हे मला दिसत होतं.

म्हणून सरावाआधी मी वहिनीच्या पियानोला कुलूप घातलं. म्हटलं, चारचौघांत फजिती झाली की येईल भानावर.

सराव सुरू झाला.

मग ती जागा आली. तिथे वाद्यवृंद थांबतो आणि दोन्ही पियानो मनचं वाजवतात. शेवटी दुसऱ्या पियानोने दोन सुरांवर लांब थरथर धरायची. ती सुटली की सगळ्यांनी एकदम सुरू करायचं.

दादाने एक तान घेतली. थांबला.

मान कलती करून ऐकू लागला...

हसला. उत्तर वाजवलं.

पुन्हा थांबला. हात मांडीवर ठेवले.

शांतता...

आणि सगळे गज एकदम तारांवर पडले!

कुणी खूण केली नव्हती. मी बघत होते.

"क्रेलबाई, कशावरून उचललंत?" सराव संपल्यावर मी व्हायोलिनवालीला विचारलं.

"कशावरून म्हणजे? तिच्या थरथरीवरून! नेहमीसारखी लांबवत बसली. म्हटलं, बाई, सोड आता, आमचे हात अवघडले..."

बोलता बोलता ती थांबली. पांढरीफटक पडली.

कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या खिशात.

सणाच्या दिवशीही तसंच झालं. लोक रडले. घरी येऊन दादाने प्लमचा केक मागून घेऊन खाल्ला. मी देवापुढे गुडघे टेकले. वाटलं, सुटला माझा भाऊ.

आता तो नवा कन्चेर्तो रचतोय. तीन पियानोंसाठी.

"तिसरा कुणाचा रे, दादा?"

 तो नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला...

मला पियानो येत नाही. मी कधी शिकलेच नाही.

पण गेल्या रविवारी प्रवचन गायलं जात होतं. मी डोळे मिटून ऐकत होते. शेजारणीने कोपर मारलं.

"रोस्विता, बोटं आवर की! बाक वाजतोय."

मी खाली पाहिलं.

माझी दोन बोटं बाकावर थरथरत होती. एकाआड एक. भराभर. दुसऱ्या हाताने दाबून धरली, तरी थांबेनात.

हे सांगतानाही ती थांबलेली नाहीत.

ती थांबली की काय सुरू होणार, ते देवालाच ठाऊक...